रक्त एकाचं, रिपोर्ट सगळ्यांचा

ताईने रिपोर्ट ग्रुपवर टाकला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. ताई म्हणजे माझी मावसबहीण, वय ४३, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालेला. चार पानांची पीडीएफ आणि खाली एकच ओळ, "हे काय आहे कुणाला कळतंय का?" आमच्या घरात डॉक्टर कुणी नाही, पण रात्री साडेअकरा वाजता सगळेच डॉक्टर असतात, त्यामुळे पाच मिनिटांत सतरा मेसेज, त्यातले तीन नुसतेच जोडलेले हात.

मी पीडीएफ मोठी करकरून वाचली. दुसऱ्या पानावर मधोमध करड्या रंगाचा चौकोन, त्यात जीनचं नाव बीआरसीए-२ (बिघडला तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवतो तो), पुढे सी, मग टिंब, मग चार आकडे, मग जी, बाणासारखं एक चिन्ह आणि ए. म्हणजे त्या जागी जी हे अक्षर असायला हवं होतं तिथे हिच्यात ए आहे. आणि त्याखाली बारीक टायपात "व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स". साध्या भाषेत सांगायचं तर बदल सापडलाय, त्याचा अर्थ काय ते आम्हाला माहीत नाही. पण बीआरसीए ही चार अक्षरं एकदा दिसली की खालची ओळ कोण वाचतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन. ७४ वर्षांची बाई, आयुष्यात कधी साधी ताप-खोकल्याची तक्रार नाही, आणि फोनवर एकच वाक्य परत परत, "माझ्याकडूनच गेलं का रे तिला?" मी म्हटलं, मावशी, ते काकांकडूनही आलेलं असू शकतं, तर तिकडे काका बसलेले होतेच, त्यांनी ते ऐकलं आणि मग दोन दिवस घरात हाच विषय, आमच्या बाजूला कुणाला नव्हता, तुमच्या बाजूची ती अमकी आत्या कशाने गेली होती आठवा जरा. पन्नास वर्षांच्या संसारात जो वाद कधी झाला नव्हता तो एका अक्षरावरून झाला. आणि ते अक्षर वाईट आहे की नाही हेच मुळात कुणाला ठाऊक नव्हतं!

त्याच आठवड्यात ताईचा मुलगा, माझा भाचा, वय १९, मला म्हणाला, "मामा, खरं सांग, हे जेनेटिक रिसर्च वगैरे जे चाललंय त्याने भलं कमी आणि नुकसानच जास्त होतंय ना? आधी आईला नुसता कॅन्सर होता. आता सगळ्यांना टेन्शन आहे."

मी काहीतरी बोललो, विज्ञान वाईट नसतं रे, वापरणारे वाईट असतात, असलं. तो म्हणाला, "मामा, हे निबंधात लिहितात."

बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून दीड वर्ष मी जमेल तसं वाचत गेलो, माझा हा विषय नाही, पण स्वतःच्या रक्ताचा प्रश्न आला की माणूस वाचतो. त्याला द्यायचं उत्तर अजून नीट जुळलेलं नाहीये, तरी जेवढं जुळलंय तेवढं इथे लिहितोय.

सुरुवात त्याच जीनपासून करतो. ब्रेस्ट कॅन्सर घराण्यातून येऊ शकतो हे आज कुणालाही सांगितलं तर "हो मग" म्हणेल, पण १९७०-८० च्या दशकात बहुतेक संशोधकांना हे पटत नव्हतं, एकच जीन बिघडून इतका गुंतागुंतीचा आजार कसा होईल असा त्यांचा मुद्दा. मेरी-क्लेअर किंग नावाच्या बाई अनेक वर्षं घराण्यामागून घराणी तपासत राहिल्या आणि १९९० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की १७ नंबरच्या क्रोमोसोमवर असा एक जीन आहे. १९९४ मध्ये तो नेमका हाती लागला, बीआरसीए-१, आणि लगेच पुढच्या वर्षी १३ नंबरवरचा बीआरसीए-२. या दोन्ही जीनचं काम तुटलेला डीएनए जोडायचं. तेच बिघडलं की पेशीतल्या चुका साठत जातात. खरोखर घातक बदल असलेल्या १०० बायकांपैकी ६० पेक्षा जास्त जणींना आयुष्यात कधी ना कधी ब्रेस्ट कॅन्सर होतो, एरवी हा आकडा १२-१३ च्या आसपास असतो. आणि पुरुष सुटतात असं नाही हां, मलाही आधी वाटलं होतं की आपण बाजूला, पण बीआरसीए-२ बिघडला तर पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, ब्रेस्ट कॅन्सरसुद्धा होऊ शकतो, आणि बापाकडून मुलीला जाण्याची शक्यता आईकडून जाण्याइतकीच, अर्धी अर्धी. मला नऊ वर्षांची मुलगी आहे. हे वाक्य वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

यातलं चांगलं काय ते आधी सांगतो कारण ते खरोखर चांगलं आहे. ज्यांच्यात हा जीन बिघडलेला असतो त्यांच्या कॅन्सरच्या पेशीही डीएनए जोडण्यात लंगड्या असतात, आणि नेमका त्याच लंगडेपणाचा फायदा घेणारी औषधं निघाली, पार्प इन्हिबिटर म्हणतात. जोडकामाचा दुसरा रस्ता औषध बंद करतं, पहिला आधीच बंद, पेशी मरते. चांगल्या पेशींकडे पहिला रस्ता चालू असतो म्हणून त्या बऱ्यापैकी वाचतात. २०१४ मध्ये पहिलं असं औषध ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे ज्या बिघाडामुळे आजार झाला त्याच बिघाडाला धरून आजाराला मारायचं. हे वाचून मी चक्क खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

पण याच जीनची दुसरी गोष्ट अशी की एका कंपनीने त्याच्यावर पेटंट घेतलं. अमेरिकेत जवळजवळ दोन दशकं ही टेस्ट कायदेशीरपणे तीच कंपनी करत होती, खर्च ३,००० डॉलरच्या पुढे, आणि दुसऱ्या लॅबकडून खात्री करून घ्यायची म्हटलं तर सोयच नाही. शरीरात जन्मापासून असलेल्या गोष्टीवर मालकी कशी सांगता येईल हा साधा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जून २०१३ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की निसर्गात आहे तसा डीएनए कुणाचा शोध होऊ शकत नाही. निकाल लागला त्याच दिवशी दुसऱ्या लॅबनी आपली टेस्ट जाहीर केली. तयारच बसले होते म्हणजे.

आता ताईचा तो करडा चौकोन. बीआरसीए-२ पासून बनणारं प्रोटीन ३,४१८ अमिनो आम्लांची माळ आहे. एवढ्या लांबलचक माळेत एखादा मणी वेगळा निघाला तर तो माळ तोडणारा की नुसता रंगाने वेगळा, हे ठरवायला हजारो लोकांचा डेटा लागतो, हाच बदल किती निरोगी माणसांत दिसतो, किती आजारी माणसांत दिसतो. आणि हा डेटा जगभरातून सारखा गोळा झालेलाच नाही, त्यातले बहुसंख्य लोक युरोपियन वंशाचे. मग ज्यांचे पूर्वज तिथले नाहीत त्यांच्या रिपोर्टमध्ये हे "माहीत नाही" जास्त वेळा येतं. त्यांच्यात बिघाड जास्त असतो असं मुळीच नाही, त्यांच्यासारख्या निरोगी लोकांची कुणी पुरेशी गिनतीच केली नाही एवढंच कारण. मला याचा राग आला. रिसर्च कमी झाल्याचाही त्रास असतो हे भाच्याच्या प्रश्नात कुठे बसवायचं ते मला कळेना.

जीनचे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या काउन्सेलर बाई मात्र चांगल्या भेटल्या. त्यांनी एका कोऱ्या कागदावर आमचा वंशवृक्ष काढला, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आजारी असतील त्यांचा आकार भरून टाकायचा. बघता बघता आमचं सगळं खटलं एका पानावर. मग त्या म्हणाल्या, या रिपोर्टवरून कुणीही काहीही करायचं नाही, ऑपरेशन नाही, घाबरून बाकीच्यांच्या टेस्ट नाहीत, आणि लहान मुलांची टेस्ट तर अजिबात नाही, हा आजार मोठेपणीचा आहे, तेव्हा मुलं मोठी होऊन त्यांचं ती ठरवतील. मी मुलीचं विचारायला तोंड उघडलं होतं ते मिटलं.

त्या वंशवृक्षाच्या कागदावरून आठवलं. असेच गोल-चौकोनांचे तक्ते शंभर वर्षांपूर्वी पण काढायचे, फक्त कामासाठी वेगळ्याच. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये "युजेनिक्स" हा शब्द काढला, म्हणजे माणसांची चांगली पैदास, शब्दच बघा. १९०७ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्याने जबरदस्तीने नसबंदी करायचा कायदा केला आणि १९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या मुलीची केस सुप्रीम कोर्टात गेली. तिला, तिच्या आईला आणि तिच्या तान्ह्या मुलीला, तिघींना मतिमंद ठरवलेलं, मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती, काही महिन्यांचं बाळ मतिमंद आहे हे त्यांनी नुसतं बघून ठरवलं! कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की तीन पिढ्या झाल्या तेवढ्या पुरे. कॅरीची नसबंदी झाली. ती मुलगी पुढे शाळेत गेली, चांगल्या मार्कांसाठी तिचं नाव ऑनर रोलवर लागलं, आणि आठव्या वर्षी आजारपणात गेली. कॅरीवर बलात्कार झाला होता आणि ते झाकायला तिला संस्थेत टाकलं होतं हे नंतर उघड झालं. अमेरिकेत अशा ६०,००० च्या वर नसबंद्या झाल्या, जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे ४ लाख, आणि तिथून पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, मी म्हणतोय तेच." पण मला त्यात उलटंच दिसतं. जीन कशाचा बनलेला असतो हेही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, डीएनए हाच तो पदार्थ हे १९४४ मध्ये दिसलं आणि त्याची रचना १९५३ मध्ये. म्हणजे हाती वाटाण्याच्या प्रयोगांएवढं ज्ञान आणि छातीठोकपणा मात्र देवासारखा. ताईच्या रिपोर्टमधलं ते "माहीत नाही" मला आधी पळवाट वाटलं होतं, कॅरी बकचं वाचल्यावर त्या करड्या चौकोनाबद्दल थोडा आदर वाटायला लागला. निदान लिहून तरी देतात.

बरं, आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

माझ्या रक्तातली साखर ही माझी असते. माझं हाड मोडलं तर माझंच मोडतं. जीनच्या रिपोर्टचं तसं नाही, तो काढतो एक जण आणि बोलतो सगळ्यांबद्दल. हंटिंग्टन नावाचा आजार आहे, साधारण तिशी-चाळिशीत सुरू होतो, हातपाय आपोआप हलायला लागतात, हळूहळू बुद्धी जाते, बरा करणारं औषध नाही. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. चार नंबरच्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं परत परत येतात, आणि ती ४० वेळा किंवा जास्त आली तर आजार होणारच. आता समजा आजोबांना होता, बापाने ठरवलं की मला टेस्ट नको, मला माहीत करून घ्यायचं नाही. आणि विशीतल्या मुलाने आपली टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह निघाली. त्या क्षणी बापाचीही टेस्ट झाली! त्याने रक्ताचा थेंबही दिला नाही आणि त्याचं भविष्य लागलं. मुलाला जाणून घ्यायचा हक्क, बापाला न जाणायचा हक्क, दोन्ही खरे आणि दोन्ही एकाच नळीत.

हा जीन सापडला कसा तेही बघण्यासारखं आहे. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांत हा आजार असलेली फार मोठी घराणी आहेत. नॅन्सी वेक्सलर, जिची स्वतःची आई या आजाराने गेली, ती वर्षानुवर्षं तिथे जात राहिली, हजारो लोकांनी रक्त दिलं, १९८३ मध्ये जीनचा पत्ता लागला आणि १९९३ मध्ये जीन मिळाला. आज जगात कुणालाही ही टेस्ट करता येते ती त्या लोकांच्या रक्तामुळे. त्या वस्त्या मात्र गरीबच राहिल्या. आणि वेक्सलरबाईंनी २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांनाही तोच आजार आहे. ज्यांना धोका आहे त्यांतले बहुतेक लोक अजूनही टेस्ट करत नाहीत आणि मला ते शंभर टक्के समजतं. जेम्स वॉटसन, डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, त्याचा अख्खा जीनोम २००७ मध्ये वाचून त्याच्या हातात दिला तेव्हा त्यानेही एक अट घातली की अल्झायमरशी संबंधित तो एपीओई जीन तेवढा मला सांगू नका. मग लोकांच्या लक्षात आलं की शेजारची अक्षरं वाचूनही तो ओळखता येतो, म्हणून आजूबाजूचा भागही पुसावा लागला. डीएनएच्या बादशहाची ही गत, तिथे माझी मावशी "मला नाही कळून घ्यायचं" म्हणाली तर काय चुकलं तिचं?

आणि हे फक्त आजाराबद्दल नाही. कॅलिफोर्नियात ७०-८० च्या दशकांत खून-बलात्कार केलेला एक माणूस २०१८ मध्ये सापडला तो त्याच्या दूरच्या भावंडांमुळे, ज्यांनी आपला डीएनए हौसेने एका वंशावळीच्या वेबसाइटवर टाकला होता. खुनी सापडला, छानच झालं, मी त्याच्यासाठी रडणार नाही. पण त्या भावंडांनी पोलिसांना काही दिलं नव्हतं आणि त्याने वेबसाइटला काही दिलं नव्हतं, तरी दुवा लागला. २०२३ मध्ये थुंकीतून डीएनए तपासणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीत माहितीची चोरी झाली. प्रत्यक्ष फोडली गेली ती सुमारे १४,००० खाती, पण माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची, कारण एकेक खातं नातेवाइकांच्या यादीला जोडलेलं. १४,००० जणांनी दुसऱ्या साइटवरचेच पासवर्ड इथेही वापरले आणि भोगलं ६९ लाखांनी. पासवर्ड निदान बदलता तरी येतो. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सगळ्यांना प्रश्न पडला की आता आपल्या थुंकीचा मालक कोण.

म्हणून भाच्याच्या प्रश्नातला तो तराजू मला पटत नाही. भलं एका पारड्यात, नुकसान दुसऱ्यात, जड कुठलं ते सांगा. अरे पण जमा एकाच्या नावावर आहे आणि खर्च दुसऱ्याच्या, बेरीज कशी करणार? जेसी गेल्सिंगर, १८ वर्षांचा पोरगा, त्याचा यकृताचा जन्मजात आजार औषधं आणि पथ्यावर आटोक्यात होता, त्याने जीन थेरपीच्या, म्हणजे पेशींत चांगला जीन घालायच्या उपचाराच्या, प्रयोगात भाग घेतला तो याच आजाराने मरणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी, स्वतःला फायदा नाही हे माहीत असून. सप्टेंबर १९९९ मध्ये इंजेक्शननंतर चार दिवसांत गेला. प्रयोग करणाऱ्यांकडून नियमांची पायमल्ली झाल्याचं नंतर पुढे आलं. आज जीन थेरपीने जी मुलं जगतायत त्यांच्या जमेत त्याचा खर्च कुठे दाखवायचा? अॅरिझोनातल्या हावासुपाई जमातीने १९९० पासून रक्त दिलं ते त्यांच्यातल्या डायबिटीसवर काहीतरी उपाय निघेल म्हणून, आणि विद्यापीठात त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, आपापसातल्या लग्नांचा, त्यांचे पूर्वज कुठून आले याचा अभ्यास झाला, त्यांना न विचारता. २०१० मध्ये ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळालं. आणि २०१८ मध्ये चीनमध्ये "हे जियानकुई" नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणातच जीन बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, एचआयव्ही होऊ नये म्हणून म्हणे, जे टाळायचे सोपे मार्ग आधीच होते. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, संपलीसुद्धा. त्या मुलींची कधी संपणार? त्यांना मुलं झाली तर त्यांच्यातही ते जाऊ शकतं.

इतकं सगळं लिहिल्यावर वाटेल की मी विरोधात आहे. नाहीये! उलट जे चांगलं झालंय ते इतकं हळू आणि गुपचूप होतं की त्याची बातमी होत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराचा जीन १९८९ मध्ये सापडला, आता पाच-दहा वर्षांत औषध असं सगळे म्हणत होते. मूळ बिघाडावर काम करणारं पहिलं औषध आलं २०१२ मध्ये, तेही शंभरातल्या चार-पाच रुग्णांना लागू पडणारं. २०१९ मध्ये तीन औषधांचं मिश्रण आलं जे दहातल्या नऊ जणांना चालतं. तीस वर्षं! या तीस वर्षांत किती मुलं गेली असतील, आणि तरी ज्यांना लहानपणी तुम्ही फार जगणार नाही असं सांगितलं होतं ते लोक आज म्हातारपणासाठी पैसे कसे साठवायचे याची काळजी करतायत. मला ही काळजी जगातली सगळ्यात सुंदर काळजी वाटते. किंवा इंग्लंडमध्ये १९८६ ची केस घ्या, डीएनए फिंगरप्रिंटिंग पहिल्यांदा खुनाच्या तपासात वापरलं तेव्हा त्याने आधी काय केलं तर ज्या पोराने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला होता तो निर्दोष आहे हे दाखवलं. खरा खुनी नंतर सापडला.

आणि सिकल सेल. हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदलतं, फक्त एक, आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकून रक्तवाहिन्यांत अडकते, वेदना अशा की मॉर्फिन लागतं. हे एक आम्ल १९५० च्या दशकातच कळलं होतं. २०२३ च्या शेवटी क्रिस्परवर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्रावर, आधारलेला उपचार मंजूर झाला, माणसाच्याच पेशी काढून, त्यांच्यातलं गर्भात असताना चालू असलेलं हिमोग्लोबिन परत चालू करून, त्याच पेशी परत घालायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. वर आधीच्या पेशी मारायला जबरदस्त केमोथेरपी. आणि या आजाराचे सगळ्यात जास्त रुग्ण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. जमा-खर्च कळला ना?

तर भाच्याला मी शेवटी एवढंच म्हटलं की माझ्या मते भलं जास्त आहे, पण हे मी तुझ्या आईच्या बाजूला बसून म्हणू शकतो, हावासुपाईच्या कुणासमोर म्हणायची माझी हिंमत नाही.

मधल्या काळात लॅबकडून विचारणा आली होती. त्या बदलाचा अर्थ लावायला घरातल्या इतरांचं रक्त मिळालं तर मदत होईल, टेस्ट फुकट, हवं तर द्या. माझी आई आता नाही, कॅन्सरने नाही गेली, दुसऱ्याच कारणाने, तर तिच्या जागी मी. मावशी आधी नाही म्हणाली, मग तीन महिन्यांनी आपणहूनच तयार झाली, का ते सांगितलं नाही. तिच्यात तो बदल निघाला. माझ्यातही निघाला. म्हणजे माझ्या आईतही होता, ती जाऊन सहा वर्षं झाल्यावर तिचा रिपोर्ट आला म्हणायचा. ७४ वर्षांची ठणठणीत मावशी हा एक पुरावा, बाकी दुसरीकडच्या निरोगी लोकांचा डेटा येत गेला, आणि गेल्या महिन्यात एक पानी पत्र आलं की हा बदल आता "लाइकली बिनाइन", बहुधा निरुपद्रवी, या गटात टाकलाय. ताईने पत्र ग्रुपवर टाकलं. यावेळी जोडलेले हात अकरा. मावशीने काकांना काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रक्त देतानाच्या फॉर्मची एक गोष्ट राहिली. भाच्यानेही दिलं होतं, आम्ही दोघं एकाच दिवशी शेजारी बसून फॉर्म भरत होतो. शेवटच्या पानावर एक चौकट होती, उरलेला नमुना आणि माहिती नाव काढून पुढच्या संशोधनासाठी वापरायला तुमची हरकत आहे का. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो, त्या गिनतीत न आलेल्या निरोगी लोकांचं डोक्यात होतं, आणि मी "हरकत नाही" वर टिक केली. शेजारी बघितलं तर त्याने "हरकत आहे" वर. दोन्ही फॉर्म एकाच पाकिटात गेले.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मामा, तुझ्यात आणि माझ्यात डीएनए किती सारखा असतो?"

मी म्हटलं, "मावसभाऊ-बहिणीत साधारण साडेबारा टक्के, तू त्याच्या निम्मा, म्हणजे सहा टक्के धर."

"मग टिक करताना तेवढ्या सहा टक्क्यांपुरतं मला विचारायचंस ना."